विळा आणि दुर्बीण

हिवाळ्यात नागपूरहून वर्ध्याकडे निघालेल्या एसटीच्या पुढच्या काचेवर ‘शैक्षणिक सहल’ असा कागद चिकटवलेला दिसला, की ती गाडी कुठे कुठे थांबणार हे वाटेवरचा चहावालाही सांगू शकतो. पवनारचा आश्रम, सेवाग्रामची बापूकुटी आणि उजेड उरला तर बोरधरण. पवनारला पोरं आश्रमात जेमतेम दहा मिनिटं गप्प बसतात. तिथून सुटतात ती थेट धाम नदीच्या काळ्या खडकांवर. डबे तिथेच उघडतात, चपला तिथेच हरवतात. गुरुजी विनोबांच्या जन्मतारखेपासून सुरुवात करतात, तोवर अर्धा वर्ग पाण्यात उतरलेला असतो.

सहल हा शब्द इतका ओळखीचा, की तिच्यामागे काही इतिहास असेल असं कोणाला वाटत नाही. पण सार्वजनिक जागेत, त्यातही जंगलात, नुसतं बघायला आणि शिकायला जाणं ही या मुलखात फार जुनी गोष्ट नाही. पवनारच्या आजोबा-पणजोबांच्या काळी जंगलात जायला कारण लागायचं: गवत, सरपण, मोहाची फुलं, तेंदूची पानं. दुर्बीण गळ्यात घालून कोणी जात नसे. विळा कमरेला खोचून जात. या विळ्याची जागा दुर्बिणीने कशी घेतली, आणि मधल्या काळात न्यास, संस्था, प्रतिष्ठान अशी मंडळी जंगलाच्या दाराशी कशी येऊन बसली, याची गोष्ट पवनारपासून सांगता येते. मात्र सुरुवात बरीच मागे जाऊन करावी लागते.

पवनार हे मुळात राजधानीचं गाव मानलं गेलं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची प्रवरपूर नगरी ती हीच, असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. हा प्रवरसेन महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘सेतुबंध’ काव्याचा कर्ता म्हणूनही ओळखला जातो. पुढे रामटेकजवळच्या मनसर इथल्या उत्खननानंतर प्रवरपूर तिकडे असल्याचा दावा पुढे आला आणि वाद अजून चालू आहे. पण पवनारच्या मातीत जुनं काही आहे याबद्दल वाद नाही. विनोबा आश्रमाची जमीन खणत असताना त्यांना राम-भरत भेटीचं शिल्प सापडलं. ते आजही आश्रमात आहे. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने इथे रीतसर उत्खनन केलं.

प्रवरसेनाचा एक ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक गावी मिळाला. प्रवरपुराहून काढलेलं ते दानपत्र आहे: एक हजार ब्राह्मणांना गाव दिल्याचं. अशा दानपत्रात गावाला कोणत्या जाचातून सूट दिली याची यादी असते, आणि खरी गंमत त्या यादीतच आहे. दौऱ्यावर आलेल्या राजपुरुषांना गवत पुरवायचं नाही, बसायला कातडी द्यायची नाहीत, कोळसा द्यायचा नाही. म्हणजे सूट न मिळालेल्या गावांना हे सगळं द्यावं लागत असणार. पाचव्या शतकातही गावाच्या शेजारचं गवत कोणाचं, हा प्रश्न तांब्यावर कोरून ठेवण्याइतका महत्त्वाचा होता.

त्या प्रश्नाला विदर्भाने दिलेलं पुढचं उत्तर म्हणजे ‘निस्तार’. हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावा लागतो, वर्धा-नागपूर-चंद्रपूरकडे तो सातबाऱ्याइतकाच व्यवहारातला. गावाने आसपासच्या जंगलातून, पडीक जमिनीतून आपल्या घरच्या गरजेपुरतं लाकूड, गवत, काटेकुटे, माती घ्यायची, गुरं चारायची. हा झाला निस्ताराचा हक्क. मालगुजार हा जमिनीचा धनी असला तरी निस्तार अडवणारा मालगुजार गावात नावाजला जात नसे. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला, पुढच्या वर्षी वर्धा जिल्हा वेगळा निघाला, रेल्वे आली, स्लीपरसाठी साग हवा झाला, आणि सरकारने जंगल मोजायला घेतलं. १८७८ च्या वनकायद्याने ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ अशा रेघा ओढल्या. १९२७ च्या कायद्याने त्या पक्क्या केल्या: राखीव जंगलात परवान्याशिवाय गवत कापलं, गुरं घातली, तर सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. इकडे वनरक्षकाला ‘नाकेदार’ म्हणतात. नाक्यावर बसून जंगलात कोण गेलं नि काय घेऊन आलं हे पाहणारा माणूस, म्हणून नाकेदार. वर्धा जिल्हा तसा कापसाचा, सपाट; जंगल उरलं ते आर्वी आणि सेलूकडच्या टेकड्यांत. त्यामुळे नाक्यांचा जाचही तिकडच्याच गावांना जास्त.

१९३० साली गांधीजी दांडीला मीठ उचलायला निघाले तेव्हा वऱ्हाड-मध्यप्रांताची पंचाईत झाली. समुद्र नाही, मीठ कुठून आणायचं? अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ केलं गेलं, पण ते किती दिवस पुरणार. मग इथल्या पुढाऱ्यांनी समुद्राच्या जागी जंगल घेतलं. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ धुंदीच्या राखीव जंगलात शिरून परवान्यावाचून गवत कापलं. वणीचा हा वकील. हातात विळा धरायची सवय असण्याचं कारण नव्हतं. गवत किती कापलं याला अर्थ नव्हताच. अटक झाली, शिक्षा झाली, आणि मग जंगल सत्याग्रहाचं लोण यवतमाळपासून वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावापर्यंत, तिकडे साताऱ्याच्या बिळाशीपासून कुलाब्याच्या चिरनेरपर्यंत पसरलं. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. पण विदर्भातल्या बहुतेक ठिकाणी चित्र एकच: मिरवणूक, भजन, विळा, मूठभर गवत आणि पोलिसांची गाडी.

आज ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सत्याग्रहींची मागणी जंगल तोडायची नव्हती, जंगलात जाण्याची होती.

पवनारचा संबंध इथून पुढे घट्ट होतो. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांनी आपल्या जमिनी, बंगले, बागा एकामागून एक सार्वजनिक कामाला देऊन टाकल्या, आणि वर्धा हे न्यासांचं आणि संघांचं गाव झालं. त्यांच्या पवनारच्या बंगल्यात ७ मार्च १९३८ रोजी विनोबा राहायला आले ते प्रकृती सुधारावी म्हणून. वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर आलेलं. उपाय त्यांनी स्वतःच ठरवला: विचार सोडायचे आणि रोज शेत खणायचं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते याच गावात उभे राहिले.

वर्ध्याच्या मगनवाडीत तेव्हा जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योग संघ चालवत होते. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेला हा संघ म्हणजे आजच्या भाषेत ना-नफा संस्थाच. कुमारप्पा हिशेबनीस, आणि जंगलाकडेही त्यांनी हिशेबनिसाच्या नजरेने पाहिलं; फक्त जमेच्या रकान्यात त्यांनी महसूल धरला नाही. जंगलाचे दोन वर्ग करा, असं त्यांनी सुचवलं: इमारती लाकडाचे वेगळे, आणि गावाला जळण-गवत फुकट किंवा नाममात्र दराने देणारे वेगळे. सरकारी खात्याने ते कधी मनावर घेतलं नाही.

शिक्षणाचं सूत्रही इथलंच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि नई तालीम जन्मली. लोकांना तिची टकळी आठवते. तिच्या अभ्यासक्रमातलं सामान्य विज्ञान फारसं कोणी आठवत नाही. त्यात निसर्गनिरीक्षण होतं, झाडं-प्राणी होते, इतकंच काय, ताऱ्यांची ओळखही होती. वर्ग सोडून बाहेर बघायला लावणारा हा अभ्यासक्रम होता. तो सेवाग्रामबाहेर फारसा टिकला नाही आणि त्याच्या जागी जी आली ती वर्षातून एकदा निघणारी सहल.

निसर्ग पाहायला शिकवणाऱ्या संस्थांची दुसरी परंपरा मुंबईची. १५ सप्टेंबर १८८३ रोजी जमलेल्या मूठभर हौशी मंडळींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत बहुतेक इंग्रज, पण दोघे मराठी होते: प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि औषधी वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीची ही मंडळी शिकारीच्या ट्रॉफ्या आणि पेंढा भरलेले पक्षी जमवत. सालिम अलींनी पक्षी जिवंत पाहण्याची गोडी लावली. सोसायटीचं गोरेगावचं शिक्षण केंद्र आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि रानवाटेवरून शाळेच्या मुलांना हिंडवतं. शेजारी फिल्मसिटी, एकीकडे खोटं जंगल उभं करतात, दुसरीकडे खरं दाखवतात. विदर्भात हे काम मोठ्या संस्थांपेक्षा माणसांनी जास्त केलं. नवेगावबांधच्या जंगलात नोकरी करता करता मारुती चितमपल्लींनी पाखरांची, झाडांची गावरान नावं मराठी पुस्तकांत आणली. पुढे पक्षिनिरीक्षण करणाऱ्या कितीतरी मंडळांनी तीच पुस्तकं आधी वाचली आणि दुर्बीण मग घेतली. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह ठरवला.

पवनारच्या उत्तरेला, सेलू तालुक्यातल्या टेकड्यांत, बोर नदीच्या धरणाभोवतीचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये देशातला ४७वा व्याघ्र प्रकल्प. क्षेत्र अवघं १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. पण लहान म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, मेळघाट यांच्या मधोमध असल्याने बोर हे वाघांचं जंक्शन आहे. इथल्या वाघांची नावं सिनेमातून येतात: कॅटरिना नावाची वाघीण गाइडांच्या तोंडी वर्षानुवर्षं होती, आणि बाजीराव नावाचा वाघ २०१७ च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीखाली मेला. अभयारण्यातलं नवरगाव उठवून बाहेर वसवलं गेलं. ज्या शिवारात त्या गावाची गुरं चरत होती तिथे आता हरणं चरतात, आणि ती बघायला तिकीट लागतं.

या तिकिटाचा पैसा कुठे जातो? बहुतेक पर्यटकांना वाटतं, सरकारी तिजोरीत. २००६ पर्यंत ते बरोबरही होतं. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ३८-एक्स आलं: प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी राज्याने एक व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान काढायचं. प्रवेशशुल्क आणि तत्सम जमा या प्रतिष्ठानाकडे यायची आणि तिथेच फिरायची. उद्देशांत निसर्ग पर्यटन आहे, भोवतीच्या गावांचा विकास आहे, संशोधन, प्रशिक्षण आणि पर्यावरण शिक्षण आहे. वरून देणग्या मागण्याची मुभाही. वनखात्याच्या पोटातच बसवलेली ही ना-नफा संस्था. महाराष्ट्रात नियामक मंडळावर वनमंत्री अध्यक्ष, रोजच्या कारभाराला क्षेत्र संचालक. वाचकाच्या मनात लगेच शंका येईल: खातंही तेच, प्रतिष्ठानही तेच, मग फरक काय? फरक वेळेचा आहे. तिजोरीत गेलेला रुपया परत मिळवायला अंदाजपत्रक, मंजुरी, मार्चएंड ही सगळी तीर्थयात्रा करावी लागते. प्रतिष्ठानातला रुपया फाटकावरच्या गाइडच्या प्रशिक्षणाला, गावातल्या शाळेच्या बसला त्याच हंगामात लागू शकतो. धोकाही उघड आहे. ज्याचं उत्पन्न तिकिटावर चालतं त्याला जास्त गाड्या हव्याशा वाटणारच. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटनच थांबवलं होतं. ऑक्टोबरात ते पुन्हा सुरू झालं ते अटी घालून: गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन नाही.

या पैशाचा सगळ्यांत सुंदर उपयोग ताडोब्यात दिसतो. ‘चला माझ्या ताडोबाला’ या उपक्रमात ताडोब्याभोवतीच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतली मुलं जंगलात आणली जातात. नाव मुद्दाम लक्ष देऊन वाचावं: ‘माझ्या’. ज्या मुलाने वाघाचं नाव घेतलं की घरात दार लावलेलं पाहिलं, ज्याच्या काकाची गाय वाघाने नेली, ते मूल पहिल्यांदा जिप्सीत बसून त्याच जंगलात आत जातं. पुण्याच्या पर्यटकाला वाघ दिसला नाही तर तो नाराज होतो. या मुलांना पाण्यावर आलेला गवा दिसला तरी गावात जाऊन आठ दिवस सांगायला पुरतं. मेळघाटाभोवती अमरावतीच्या सातपुडा फाउंडेशनसारख्या बिगरसरकारी संस्थांनीही गावातल्या पोरांनाच आधी धरलं. वाघ वाचवायचा तर दिल्लीच्या पोरापेक्षा शेजारच्या पोराला तो समजला पाहिजे, एवढं साधं गणित.

वर्धा शहरात याच वळणाचं, पण छोट्या हाताने चाललेलं काम बहार नेचर फाउंडेशनचं आहे. २०१८ मध्ये या संस्थेने नगरपालिकेसोबत शहरपक्ष्याची निवडणूक घेतली. उमेदवार पक्षी, प्रचार, मतपत्रिका, शाळा-महाविद्यालयांत मतपेट्या, मतमोजणी, सगळं साग्रसंगीत. निवडून आला भारतीय नीलपंख. निकाल अनपेक्षित म्हणता येणार नाही. दसऱ्याला नीलकंठ दिसणं शुभ, हे आजीने सांगितलेलं असतंच. त्याच पाखराला पुस्तकात नीलपंख म्हणतात. बसलेला असताना मातकट दिसणारा हा पक्षी विजेच्या तारेवरून कपाशीवर झेपावला की पंखांतली निळाई एकदम उघडते. पोरांनी मत देण्याआधी उमेदवार ओळखायला शिकलं पाहिजे, ही या खेळातली खरी मेख. नई तालीमच्या अभ्यासक्रमाला जे वर्गात जमलं नाही ते एका मतपेटीने केलं म्हणायला हरकत नाही.

डॉक्टरांनी चालवलेल्या वैद्यकीय जनजागृती मंचाने वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर झाडं लावून जगवली. सकाळी फिरायला येणारा हातात पाण्याची बाटली घेऊन येतो आणि उरलेलं पाणी झाडाला घालतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री विदर्भातल्या अभयारण्यांत पाणवठ्याजवळच्या मचाणावर नागरिकांना बसवतात. वनखातं त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतं. पूर्वी ही रात्र खात्याची प्राणिगणना असे. आता कॅमेरा ट्रॅप आले, गणना शास्त्रीय झाली, आणि मचाणावरची रात्र नुसती अनुभवासाठी उरली. रात्रभर डास, चांदणं आणि शेजारच्या मचाणावरून येणारं घोरणं.

विनोबांच्या पवनारला जंगलाशी जोडणारा आणखी एक धागा गडचिरोलीत जातो. विनोबा भूदानाची पदयात्रा संपवून १९६४ मध्ये पवनारला परतले. त्याच वर्षी महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा झाला. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो कायदा वापरून ग्रामदान केलं. त्याआधी २००९ मध्ये या गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपणच विकायचा अधिकारही. या सगळ्यामागे वृक्षमित्र ही छोटी संस्था होती, मोहन हिराबाई हिरालाल होते, देवाजी तोफा होते; आणि गावाचा ‘अभ्यासगट’ होता. झाडाखाली बसून कायदा वाचायचा, कळला नाही तर बाहेरच्याला बोलवायचं, पण ठरवायचं आपण. जंगलात शिक्षण म्हणजे फक्त पक्ष्यांची नावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या अभ्यासगटाकडे पाहावं.

वर्ध्याचा स्वतःचा प्रश्न मात्र वेगळ्या नावाने अजून चालू आहे: ‘झुडपी जंगल’. जुन्या महसूल नोंदींत निस्तारासाठी, गुरांसाठी सोडलेल्या या झुडपाळ जमिनी पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांच्या घरात आहेत, त्यांत वर्धाही. कोणी त्यांवर शाळा बांधल्या, कोणी सरकारी कचेऱ्या, कोणी घरं. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच मानायच्या असा निकाल दिला. आधीच्या बांधकामांसाठी वेगळी वाट ठेवली. गावाजवळचं, तिकिटाशिवायचं, पोरांना शाळा सुटल्यावर पायी जाता येईल असं जंगल या तुकड्यांतच उरलं आहे. बोरचं फाटक पवनारपासून गाडीने जायच्या अंतरावर; झुडपी जंगल पांदणीच्या पलीकडे. एकाही प्रतिष्ठानाच्या माहितीपत्रकात त्याचा फोटो येत नाही. तिथे वाघ नाही. तितर आहेत, कोल्हे आहेत, आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत.

१ जुलैला बोरची फाटकं पावसासाठी बंद होतात. तीन महिने जिप्सी नाहीत, गाइड शेतावर. याच दिवसांत, धामला पूर येत असताना, टेकड्यांवरचं गवत माणसाच्या छातीपर्यंत वाढतं. ऑक्टोबरात फाटक उघडतं आणि पहिल्या गाड्या आत जातात. तासा-दोन तासांनी बाहेर येणारे पर्यटक बोरधरणच्या टपरीवर चहा घेताना कुरकुरतात: एवढे पैसे भरले, वाघ काही दिसला नाही, नुसतं गवत बघून आलो.